डोंगरवाटेचे पहिले तीन दिवस
(रात्रीच्या वर्गात केलेले भाषण)

गेल्या बुधवारी वाचनाच्या पुस्तकात गडांचा धडा झाला. तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी विचारले, "गुरुजी, तुम्ही स्वतः गड चढलात का?" मी "हो" म्हणालो आणि फसलो. मग सगळे म्हणाले, सांगाच. म्हणून आज पुस्तक मिटून ठेवले आहे.

मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. १९७५ साली पास झालो. पुढे शाळामास्तर झालो, मग हेडमास्तर. २०१६ साली निवृत्त झालो. चाळीस वर्षे मुलांना राजगड, तोरणा, रायगड शिकवले. नकाशावर छडी टेकवून दाखवले. पण पायांनी गेलो नव्हतो. निवृत्त झाल्यावर ही गोष्ट मनाला लागून राहिली. शेवटी जानेवारी २०१७ मध्ये आम्ही चौघे मित्र निघालो. राजगड चढायचा, तिथून डोंगराच्या धारेने तोरणा गाठायचा, तोरण्यावरून उतरून सह्याद्रीच्या कड्यापर्यंत जायचे, कडा उतरून कोकणात, आणि शेवटी रायगड. पाच दिवसांचा बेत होता.

चौघे कोण? एक मी. दुसरे आपल्या दवाखान्यातले जुने कंपाउंडर. तिसरे पोस्टमन. त्यांनी आयुष्यभर सायकल मारलेली, त्यामुळे पिंढऱ्या दगडासारख्या. आणि चौथे सुतारदादा. ते आज इथे तिसऱ्या रांगेत बसले आहेत. त्यांना विचारूनच सांगतो आहे. त्या वेळी त्यांना अक्षरओळख नव्हती. वय आमच्यात सगळ्यांत जास्त, त्रेसष्ट.

निघण्याआधी मी वेळापत्रक केले. सवय! किती वाजता उठणे, किती वाजता चहा, कुठे जेवण, सारे तक्त्यात आखले. नकाशाची झेरॉक्स काढली. नवे कॅनव्हासचे बूट घेतले. दुकानातून आणले ते थेट गडाच्या पायथ्याला पायात घातले. पहिली चूक ती. नवा बूट आधी पंधरा दिवस गावात घालून फिरावा, मग डोंगरावर न्यावा. हे मला ठाऊक नव्हते, आणि विचारायचे कुणाला? हेडमास्तर कधी कुणाला विचारतो का?

पुण्याहून एस.टी.ने नसरापूर, तिथून जीपने मार्गासनीवरून गुंजवणे. गुंजवणे हे राजगडाच्या पायथ्याचे गाव. तिथून चोरदरवाजाची वाट वर जाते. सुरुवातीला वाट सोपी, मग रान, आणि शेवटी उभा कातळ. कातळात पावठ्या आहेत, आधाराला लोखंडी कठडे लावले आहेत. तरुण पोरे दोन-अडीच तासांत चढतात. आम्हाला चार तास लागले.

का लागले? ओझे! माझी पिशवी चौदा किलोची होती. त्यात काय नव्हते ते विचारा. पितळेचा तांब्या, शिवचरित्राचा जाड ग्रंथ, दोन चादरी, मोठी बॅटरी, दाढीचे सामान, चिवड्याचा डबा, लाडवांचा डबा. पोस्टमनने तर रॉकेलचा स्टोव्ह घेतला होता. चढावर दर पन्नास पावलांना मी थांबायचो आणि म्हणायचो, "वा, काय देखावा आहे!" देखावा होता हे खरे, पण थांबायचे कारण ते नव्हते.

पद्मावती माचीवर पोचलो आणि सारे विसरलो. माची म्हणजे गडाच्या डोंगराला पुढे आलेली सपाटी. राजगडाला अशा तीन माच्या आहेत : पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी. मध्ये उंच बालेकिल्ला. रायगडाच्या आधी महाराजांची राजधानी इथे होती, वीस वर्षांहून अधिक काळ. सईबाई राणीसाहेब १६५९ साली इथेच वारल्या, त्यांची समाधी माचीवर आहे. राजाराम महाराज १६७० साली इथे जन्मले. आग्र्याहून सुटून महाराज १६६६ साली परत आले ते याच गडावर. हे सारे मी फळ्यावर शेकडो वेळा लिहिले असेल. पण संध्याकाळी त्या समाधीजवळ उभा राहिलो तेव्हा बोलायला शब्द सुचेना. सुतारदादा हात जोडून उभे होते. त्यांनी एवढेच विचारले, "बाईंचं वय काय होतं गुरुजी?" मी म्हणालो, "तिशीही झाली नव्हती." ते म्हणाले, "आणि पोर?" मी सांगितले, संभाजीराजे दोन वर्षांचे. सुतारदादा काही बोलले नाहीत. त्यांची धाकटी मुलगी तान्ह्या लेकराला मागे ठेवून गेली हे मला माहीत होते. मीही मग बोललो नाही.

मुक्काम पद्मावतीच्या देवळात. तिथे कंपाउंडरांनी सर्वांच्या पिशव्या उघडायला लावल्या. "मास्तर, हे ओझं घेऊन उद्या धारेवर गेलात तर मला तुम्हाला औषध द्यावं लागेल, आणि माझ्याजवळ तेवढं औषध नाही," असे ते म्हणाले. बरोबरच होते. तांब्या, ग्रंथ, एक चादर, लाडू, स्टोव्ह, सारे बाजूला काढले. गडावर लिंबू सरबत विकणारा एक मुलगा रोज गुंजवण्याहून वर येत असे. त्याच्याकडे गाठोडे दिले आणि सांगितले की, खाली घरी ठेव, परत येताना नेऊ. लाडू मात्र त्याला देऊन टाकले.

आता हिशेब ऐका. माझी पिशवी आठ किलोवर आली. कंपाउंडर आणि पोस्टमन यांचीही आठ-आठ. सुतारदादांची किती? पाच किलो. एक घोंगडी, एक धोतर, दशम्या, कोयता. बस्स. राहिले पाणी. प्रत्येकाजवळ एक-एक लिटरची बाटली होती. शिवाय पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन होता. पाणी एक लिटर म्हणजे वजन एक किलो, हे तुम्ही गेल्या महिन्यात शिकलात. म्हणजे कॅन पाच किलोचा. मी म्हणालो, "दादा, तुमचं ओझं सर्वांत कमी आहे, तेव्हा कॅन तुम्ही घ्या. पिऊन पिऊन तो रिकामाच होणार आहे." ते म्हणाले, "बरं गुरुजी."

पाच आणि पाच किती? दहा. आम्ही तिघे आठ-आठ किलो, आणि सर्वांत वयस्कर माणूस दहा किलो. गणिताच्या मास्तराने केलेला हिशेब! आणि तो मला तेव्हा चुकीचा वाटलाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला निघायचे होते. निघालो साडेआठला. चहा, पोहे, फोटो. टाक्यावर कॅन गळ्यापर्यंत भरला. संजीवनी माचीवरून चालत गेलो. ही माची अडीच किलोमीटर लांब आहे. तिची तटबंदी आणि एकाखाली एक बांधलेले बुरूज बघून सुतारदादा दर थोड्या वेळाने थांबत, दगडाचा सांधा बोटाने चाचपून बघत. मी पुढून ओरडायचो, "चला दादा, उन्हं वाढताहेत!"

माचीवर अळू दरवाजा आहे. त्यातून खाली उतरले की राजगड आणि तोरणा यांना जोडणारी डोंगराची धार लागते. उतार मुरमाचा, पाय घसरतो. उतरताना गुडघे दुखतात आणि बोटे बुटाच्या टोकाला आपटतात. चढणे दमवते, पण पाय मोडतो तो उतरणीवर. माझी टाच तोवर सोलवटली होती. मी कुणाला सांगितले नाही.

धारेवर पाणी नाही. सावली थोडी. जानेवारीत गवत वाळून पिवळे झालेले असते, मध्ये मध्ये कारवी. उजवीकडे वेल्ह्याचे खोरे, डावीकडे भाटघर धरणाचे पाणी दूरवर चमकते. बघायला मिळते, प्यायला मिळत नाही. एका खिंडीत वेल्ह्याकडून भुतोंड्याकडे जाणारा गाडीरस्ता आडवा येतो. तिथे आम्ही साडेअकराला बसलो. आम्ही तिघांनी आपापल्या बाटल्या जवळजवळ संपवल्या. कॅन उघडलाच नाही. सुतारदादा वीस मिनिटांनी येऊन पोचले, तोवर आम्ही उठायच्या बेतात होतो. ते घाम पुसत होते. मी घड्याळ बघितले आणि म्हणालो, "दादा, असं चाललात तर तोरण्यावर रात्र होईल." ते काही बोलले नाहीत. आम्ही निघालो. म्हणजे बघा, आम्हाला विश्रांती वीस मिनिटे आणि त्यांना काहीच नाही.

रस्ता ओलांडल्यावर चढ आहे. थोड्या वेळाने कारवीत दोन वाटा फुटल्या. एक उभी वर जाणारी, एक डोंगराच्या कडेने सपाट जाणारी. माझी टाच पेटली होती. मी झेरॉक्स उघडली, बोट फिरवले आणि ठरवले की सपाट वाट खरी. आता प्रामाणिकपणे सांगतो. नकाशात ते दिसत नव्हते. माझ्या टाचेला सपाट वाट हवी होती, आणि मी ती नकाशात वाचली.

पोस्टमन म्हणाले, "दादांसाठी थांबायचं का?" मी म्हणालो, "येतील मागून. एकच तर वाट आहे."

पाऊण तास चाललो. वाट बारीक होत गेली. मग दोन झाल्या, मग चार. शेवटी एका घळीच्या तोंडाशी संपूनच गेली. पुढे कडा. ती ढोरवाट होती. गुरे चरायला जातात ती. गुरांना तोरण्याला जायचे नसते.

पोस्टमनच्या पिंढरीत गोळे आले. सायकल मारणारी पिंढरी, पण पाणी नसले की कुणाचीही पिंढरी बंड करते. उन्हात चढताना माणसाला तासाला अर्धा-पाऊण लिटर तरी पाणी लागते. घामातून मीठही जाते. आमच्या बाटल्यांत घोट-घोट उरला होता. तो पोस्टमनना दिला. मग आम्ही हाका मारल्या. "दादा! ओ दादा!" डोंगरातून आमचाच आवाज परत आला. मोबाईलला रेंज नाही, आणि दादांजवळ मोबाईलच नव्हता.

मला राग आला. मी म्हणालो, "सांगत होतो, भराभर चाला म्हणून. आता हरवले हे. कुठे शोधायचं?" तेव्हा कंपाउंडर शांतपणे म्हणाले, "मास्तर, पाणी त्यांच्याकडे आहे."

मी गप्प झालो. ज्याला आपण सावकाश चालतो म्हणून बोलत होतो, तो आपलेच पाणी वाहत होता. पाच किलो. सकाळपासून एक घोटही कमी न झालेले. हे मला त्या घळीच्या तोंडाशी, तोंडाला कोरड पडल्यावर कळले.

परत फिरलो. पोस्टमनना मध्ये घेतले. जाताना पाऊण तास लागला होता, येताना सव्वा तास लागला. कंपाउंडरांना दोनदा चक्कर आली. माझ्या डोक्यात नको नको ते विचार. घसरले असतील का? दुसऱ्या बाजूला उतरले असतील का? त्यांच्या घरी जाऊन काय सांगायचे? चाळीस वर्षे सहली नेल्या. निघताना आणि पोचल्यावर मुले मोजायची, हा माझा नियम. आणि इथे चार माणसे मोजता आली नाहीत!

वाटा फुटल्या होत्या तिथे पोचलो. आमच्या सपाट वाटेवर कारवीची तोडलेली फांदी आडवी टाकलेली होती. आणि वरच्या अंगाला, झुडपाच्या सावलीत, घोंगडीवर सुतारदादा बसले होते. शेजारी कॅन.

"दोन तास हाका मारतोय," ते म्हणाले. आवाज बसला होता.

त्यांनी कॅन पुढे सारला. कंपाउंडरांनी सर्वांना आधी थोडे-थोडे प्यायला लावले, मग पाण्यात मीठ-साखर घालून दिले. तहानेल्या माणसाने एकदम ढसाढसा पिऊ नये. थोडा जीव आल्यावर मी विचारले, "दादा, तुम्हाला वाट कशी कळली?"

त्यांनी बोट दाखवले. वरच्या वाटेच्या तोंडाशी एका दगडावर पांढऱ्या रंगाचा बाण काढला होता. गिर्यारोहक मंडळी अशा खुणा करून ठेवतात. ते म्हणाले, "मला अक्षर येत नाही गुरुजी, बाण येतो. खालच्या वाटेवर शेण होतं आणि तुमच्या नव्या बुटाचा ठसा होता. म्हटलं, गुरुजी गुरांमागं गेले."

पोस्टमन हसले. मला हसू आले नाही. मी म्हणालो, "मग आमच्या मागे का नाही आलात?"

"मी बी खाली उतरलो असतो तर चौघंही चुकलो असतो. कुणीतरी खुणेवर थांबाया पाहिजे. तुम्ही परत येणार ते इथंच येणार."

मंडळी, वाट चुकलेल्याने आणि मागे राहिलेल्याने दोघांनीही एकमेकांना शोधत फिरू नये, एकाने ठाऊक असलेल्या जागी थांबावे. हे गिर्यारोहणात शिकवतात असे मला पुढे कळले. सुतारदादांना ते कुणी शिकवले नव्हते.

पण पुढे ते जे म्हणाले तेही सांगितले पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटेल की ते संत आहेत. ते उठले, घोंगडी झटकली, आणि म्हणाले, "हे घ्या तुमचं पाणी. उद्यापासून मी न्हेणार नाही. वझं माझ्या पाठीवर आणि बोलणी पण मलाच." आणि कॅन तिथेच ठेवून वर चालू लागले.

कॅन मी उचलला. आत आता अर्धेच पाणी होते, तरी खांद्याला कळले.

तोरण्याच्या बाजूला धार जिथे भिडते ती बुधला माची. तिथे एक सुळका आहे. तेलाचा बुधला उपडा ठेवावा तसा दिसतो, म्हणून ते नाव. चढण अवघड आहे. एका कातळटप्प्यावर लोखंडी शिडी लावली आहे. तिच्यावर चढताना मी खाली बघितले नाही. तोरण्याची उंची १४०३ मीटर, म्हणजे चार हजार सहाशे फूट. महाराजांनी अगदी सुरुवातीच्या काळात हा गड घेतला आणि त्याचा पसारा बघून प्रचंडगड नाव ठेवले. नाव किती खरे आहे ते आम्हाला कळले, कारण माचीवर पोचल्यावरसुद्धा मेंगाईच्या देवळापर्यंत जायला तासभर लागला. पोचलो तेव्हा सात वाजले होते. अंधार आणि थंडी. मोठी बॅटरी आदल्या रात्री ओझे म्हणून काढायला निघालो होतो, ती कंपाउंडरांनी ठेवायला लावली होती म्हणून बरे.

खिचडी सुतारदादांनीच केली. कुणी फारसे बोलले नाही. कंपाउंडरांनी माझा बूट काढायला लावला. टाचेला रुपयाएवढा फोड. ते म्हणाले, "हा सकाळीच सांगितला असता तर कापडाची पट्टी लावून भागलं असतं. बूट चावतो आहे असं वाटलं की तिथल्या तिथे थांबायचं." फोड फोडला नाही. धुऊन, कोरडा करून, वर पट्टी बांधली. फोडावरची कातडी काढायची नसते. तीच खालच्या मांसाचे रक्षण करते.

झोप येईना. मला दादांना "चुकलो" म्हणायचे होते. पण मंडळी, मास्तरकीत एक वाईट सवय लागते. चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या चुकांवर लाल रेघ मारली, आपल्या चुकीवर मारायची वेळच आली नाही. तोंडातून शब्द निघेना. पहाटे उठलो, बॅटरी घेऊन टाक्यावर गेलो, कॅन भरून आणला, पाणी उकळले, निवल्यावर परत भरले, आणि माझ्या पिशवीला बांधून ठेवला.

दादा उठले. त्यांनी कॅन बघितला. मग माझ्याकडे बघितले. मी म्हणालो, "दादा, काल माझं चुकलं. हिशेबही चुकला, वाटही चुकली, आणि बोललो ते तर फारच चुकलं."

ते म्हणाले, "सोडा ते." खाली बसले आणि दोरी सोडू लागले. मला वाटले, परत स्वतःकडे घेणार. मी म्हणालो, "नाही, मीच नेणार." ते म्हणाले, "तुम्ही बी नाही. सगळं पाणी एकाच्या पाठीवर नसावं. तो पडला म्हंजे?" आमच्या गाठोड्यात तेलाची आणि सरबताची अशा तीन-चार रिकाम्या बाटल्या होत्या. त्या त्यांनी घासून घेतल्या. पाणी चौघांत वाटले. रिकामा कॅन चपटा करून माझ्या पिशवीत खोचला.

मग निघण्याची वेळ आली. मी वेळापत्रक काढले नाही. दादा पुढे, त्यांच्या मागे पोस्टमन, मग कंपाउंडर, आणि सर्वांत मागे मी. दादा त्यांच्या चालीने चालत. ती चाल आधी मला फार सावकाश वाटली. पण ते मध्ये थांबत नव्हते. आम्ही आदल्या दिवशी धावायचो आणि बसायचो, धावायचो आणि बसायचो. ते बैलगाडीसारखे एका लयीत. वाट फुटली की उभे राहायचे, मागे वळून चार डोकी मोजायचे, मगच पुढे. बुधला माचीवरून भट्टी गावाकडे उतरणाऱ्या वाटेला लागलो. दुपारी गावात पोचलो तेव्हा घड्याळ बघितले. माझ्या वेळापत्रकापेक्षा पाऊण तास लवकर!

एका घरी ताक मिळाले. माउलीने पैसे घेतले नाहीत. ओसरीवर बसून दादांनी मला विचारले, "गुरुजी, तो नकाशा बघू." मी कागद दिला. त्यांनी उलटा धरला. मी सुलटा करून दिला आणि बोट ठेवून दाखवले : हा राजगड, हा तोरणा, ही धार. त्यांनी विचारले, "हे काय लिहिलंय?" मी म्हणालो, "तोरणा." ते म्हणाले, "त्यातला 'त' कोणता?" मी दाखवला. पुढच्या दोन दिवसांत, मोहरीच्या पठारावर आणि कोकणात उतरताना, जिथे जिथे बसलो तिथे ते काडीने मातीत 'त' काढत होते. पाचव्या दिवशी रायगडावर पोचलो तोवर 'र' आणि 'ण' पण झाले होते.

रायगडाची हकिकत मोठी आहे. कडा कसा उतरलो, लिंगाणा जवळून कसा दिसतो, ते पुढच्या बुधवारी सांगेन. आता नऊ वाजले, बाया-माणसांना घरी जायचे आहे.

काय दादा? हात का वर केलात?

सुतारदादा म्हणताहेत की ते दोन तास तहानलेले बसले नव्हते, त्यांनी कॅनमधले तीन पेले पाणी प्यायले होते, ते मी सांगायचे विसरलो. बरोबर आहे. तीन पेले. लिहून घ्या.